आईच्या गुडघ्यामुळे सहा आठवडे मालिका पाहिल्या, त्याबद्दल

अधूनमधून

आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, म्हणून जून-जुलैत सहा आठवडे नाशिकला घरी होतो. दिवसा लॅपटॉपवर ऑफिस, संध्याकाळी तिचे व्यायाम, बर्फाची पिशवी आणि मग साडेसहा ते साडेदहा टीव्ही. रिमोट तिच्या उशाशी. मी एरवी मालिका पाहणारा नाही. जेवताना ताटावरून मान वर केली की दिसेल तेवढंच. पण चार तास एकाच खोलीत बसायचं म्हटल्यावर पाहावं लागलं, आणि दोन-तीन दिवसांत चक्क रस घ्यायला लागलो. म्हणजे हा धागा मालिकांना नावं ठेवायच्या इराद्याने बसलेल्या माणसाचा नाही, एवढं आधी सांगून ठेवतो.

कुठल्या मालिका ते मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की चाहते येतात आणि धागा तिकडेच वाहून जातो. शिवाय चौथ्या आठवड्यात मलाच कुठलं घर कुठल्या मालिकेतलं ते कळेनासं झालं होतं. सगळीकडे तोच हॉलमधून वर जाणारा जिना, तीच तुळस, आणि देवघराशेजारी कायम अर्धवट उघडं असलेलं तेच दार, म्हणजे कुणालातरी अर्धंच ऐकू यावं.

दागिने घालून झोपणं वगैरे जुने विनोद झाले, ते सोडा. मला खटकलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. या घरांमध्ये कुणीही पोटभर जेवत नाही. पानं वाढलेली असतात, कुणीतरी एक वाक्य बोलतं, आणि घास खाली ठेवून सगळे उठतात. आई रोज न चुकता म्हणायची, "अन्न टाकून उठतात मेले." सगळ्यांची 'कंपनी' असते, पण ती काय बनवते ते सहा आठवड्यांत समजलं नाही. फाइलवर सह्या होतात आणि 'डील' मिळतं किंवा जातं. पाणी किती वाजता येतं, गॅसचा नंबर लावलाय का, यंदा गणपतीला कुणी किती दिवस येणार, यातलं काही नाही. आणि या घरांत टीव्ही कुणी बघत नाही! महाराष्ट्रातली ही एवढीच घरं असावीत.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही. "तू असं का केलंस?" इथवर येतात. त्यावर समोरची बाई "मला काही बोलायचं नाही" म्हणून निघून जाते आणि विषय तीन आठवडे तिथेच. "अगं पण ते पाकीट तुला सापडलं कुठे?" एवढं एक जण विचारता तर अख्खा जुलै वाचला असता. होय, एक पाकीट होतं. त्यात कुणाचातरी रिपोर्ट. मधे नऊ दिवस मला पुण्याला यावं लागलं. परत गेलो तेव्हा पाकीट कपाटातून गादीखाली आलं होतं. नऊ दिवसांत तेवढंच.

टिपऱ्यांचं घर आठवतं ना? श्रीयुत गंगाधर टिपरे, २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. आठवड्यातून एकदाच लागायची. दोन भाग चुकले तरी तिसऱ्याला बसावं, आबांची काहीतरी खटपट, शिऱ्याचं काहीतरी, श्यामलची धावपळ, आणि अर्ध्या तासात काहीतरी घडून संपलेलं असायचं. माझ्यासारख्या येता-जाता पाहणाऱ्याला त्या घरात बसायला जागा होती. आता भागच उरलेला नाही, ट्रॅक उरलाय, म्हणजे नुसतं लांबत जाणारं कथानक. कुठूनही पाहायला लागा, काही चुकत नाही. आणि कुठल्याही दिवशी पाहा, हाताला काही लागत नाही.

तुम्हाला कुणाला असं होतं का? की मीच म्हातारा झालो?

शेंगदाणा चिक्की

पाकीट गादीखाली गेलं हे सांगून तुम्ही मोठा स्पॉयलर दिलात. मी अजून कपाटावरच आहे.

वरणफळं

अन्न टाकून उठणे याला +१००. आमच्या सासूबाई तर पदार्थ ओळखायचा प्रयत्न करतात. "ही पुरणपोळी नव्हे, विकतचा पराठा आहे."

मधली आळी

रोमात होते, म्हणजे नुसती वाचत होते, पण या धाग्यासाठी बाहेर आले. तुमचं 'भाग उरला नाही' हे पटलं. फक्त पाणी घालणं ही काही आजची गोष्ट नाही हो. चार दिवस सासूचे २००१ मध्ये लागली आणि २०१३ मध्ये संपली, तीन हजारांवर भाग! नावात चार दिवस. होणार सून मी ह्या घरची मधल्या जान्हवीच्या बाळंतपणावर तर इतके विनोद झाले की मालिका न पाहणाऱ्यांनाही महिने पाठ होते. उलट एका लग्नाची दुसरी गोष्ट २०१२ च्या जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपलीसुद्धा. घना-राधाचं जमलं, विषय संपला, बाय बाय. आम्ही घरी हळहळलो, पण आजही कुणी नाव काढलं की चेहरा हसरा होतो. लांबवलेल्या एकाही मालिकेबद्दल असं होत नाही माझं. ज्यांचे पहिले शंभर भाग जीव टाकून पाहिले त्यांचीही आठवण आली की कपाळाला आठीच पडते.

आजोबा ५१

नमस्कार. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हापासूनचा प्रेक्षक आहे, तेव्हा दोन शब्द.

चिमणराव-गुंड्याभाऊ लागायचं तेव्हा आमच्या चाळीत एकच संच होता आणि त्या खोलीत मावत नसू इतकी माणसं. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ अजून डोळ्यांसमोर आहेत. पण त्या काळाच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांना एक सांगतो. तेव्हाही पुष्कळ टाकाऊ असायचं. रडक्या कौटुंबिक मालिका होत्या, दिवाणखान्यात उभे राहून भाषणं ठोकणारे नायक होते. फरक इतकाच, की दूरदर्शनवर मालिका तेरा भागांची मंजूर व्हायची. वाईट असली तरी तीन महिन्यांत सुटका. चांगली असेल तर पुढचे तेरा मिळावेत म्हणून लेखकाला जिवाचं रान करावं लागायचं.

नंतर सह्याद्रीवर दामिनी आली, मराठीतली पहिली रोजची मालिका. प्रतीक्षा लोणकर पत्रकार. आमची ही दुपारचा चहा त्या वेळेला ठेवायची. ती रोज लागायची, तरी तिच्यात बातमी होती, काम होतं, बाई नोकरी करताना दिसायची. तेव्हा 'रोज' हा दोष नसावा असं मला वाटतं.

पन्हाळ्याचा पाऊस

भाषेचं कुणी बोलंना झालंय म्हणून मी बोलतो. गाव दाखवायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडात एकच बोली, महाराष्ट्रात कुठंच बोलत नाहीत अशी. 'म्या', 'न्हाय', 'रं' पेरलं की झालं ग्रामीण. आमच्याकडं बायका 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणत्यात. माझी आई म्हणती, बहीण म्हणती. तुझ्यात जीव रंगलाचं शूटिंग कोल्हापूरजवळच असायचं, तेव्हा घरात सगळी लई उत्साहानं बघायला बसली. आईनं दोन दिवसांत निकाल दिला, "आपली माणसं कडंनं उभी हाईत, बोलणारी दुसरीच हाईत." तरी पुढं बघितली म्हणा. राणादा आवडायचा तिला.

मांडवीकाठ

@पन्हाळ्याचा पाऊस, आमच्याकडे निराळी गंमत. रात्रीस खेळ चाले पहिल्यांदा २०१६ मध्ये आली. सावंतवाडीजवळ आकेरीचा तो वाडा, पाऊस, पायवाट, सगळं खरं. मालवणी ऐकून सुरुवातीला कुणी खूश, कुणी नाराज. पण लोक वाडा बघायला गाड्या करून जायचे, हे मी पाहिलंय. दुसऱ्या पर्वात मागची कथा सांगायची म्हणून पहिल्यात सुरुवातीलाच गेलेले अण्णा नाईक जिवंत दिसले, आणि मला तो भाग पहिल्यापेक्षा आवडला. तेव्हा जागा खरी असली की निम्मं काम होतं, असं माझं मत.

पण जागेची दुसरी बाजूही बघितली. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोरोनामुळे शूटिंग थांबलं तशी मराठी-हिंदी युनिटं गोव्यात उतरली. घरं कुठून आणणार? मग सासू, सून, खलनायिका, वकील, डॉक्टर सगळे मिळून रिसॉर्टवर! कुणाचातरी खून झालेला आणि मागे निळं पोहण्याचं तळं. मे महिन्यात गोव्यातही परवानगी काढून घेतली आणि सगळे पुन्हा सामान बांधून निघाले. आमच्या शेजारच्या बंगल्यात एक युनिट होतं. त्यातला एक स्पॉटदादा सांगत होता, अर्धा सीन इथे झालाय, उरलेला अर्धा कुठे होईल देव जाणे.

कॉलटाइम

या व्यवसायात आहे म्हणून आयडी असा. संवाद लिहितो. कुठे, कुणासाठी ते विचारू नका, घर चालवायचंय.

मूळ लेखकाने जे लिहिलंय ते आम्ही सेटवर रोज बोलतो, तेव्हा वाईट वगैरे वाटलं नाही. पण 'भाग कुठे गेला' याचं उत्तर देऊ शकतो.

आठवड्याला सहा भाग धरा. वर्षाला तीनशे बारा. अर्ध्या तासातून जाहिराती काढल्या की साधारण २२ मिनिटं उरतात. गुणाकार करा, वर्षाला ११४ तास होतात. अडीच तासांचे ४५ सिनेमे म्हणा. ते तीन-चार माणसं लिहितात. एकाची कथा, दुसऱ्याची पटकथा, तिसऱ्याचे संवाद, आणि वर वाहिनीची क्रिएटिव्ह मंडळी. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. देशभरात पन्नास हजारांवर घरांत मीटर बसवलेले आहेत, त्यावरून कुठली मालिका किती पाहिली गेली ते ठरतं. आकडा खाली आला की शुक्रवारी फोन येतो, "पुढच्या आठवड्याला काहीतरी मोठं पाहिजे." मग आधी प्रोमो ठरतो. थोबाडीत मारतेय, मंगळसूत्र तुटतंय, कुणी दारात उभं आहे. आणि मग त्या तीस सेकंदांपर्यंत पोचायला सहा भाग लिहायचे. तुम्ही ज्याला पाकीट म्हणताय, ते असं गादीखाली जातं. ते उघडण्याचा प्रोमो अजून मंजूर झालेला नसतो.

बँक म्हणजे पुढच्या भागांचा साठा. तो पंधरा दिवसांचा असेल तर माणसासारखं काम होतं. आमच्याकडे तो बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांचा असतो. नटाचा मेकअप चालू असताना सीन हातात पडतो. एखाद्याला दुसऱ्या कामाची तारीख असली की त्याचं पात्र 'गावाला' जातं. आणि पैसे नव्वद दिवसांनी, तेही वेळेवर आले तर.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. मालिका डोळ्यांसाठी लिहिलेली नसते, कानांसाठी असते. मला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं, की बाई ओट्याशी आहे, पाठ टीव्हीकडे आहे, भाजीला फोडणी बसतेय. तिला कळलं पाहिजे. म्हणून पात्र खोलीत आलं की नावाने हाक मारतं, काल झालेलं आज बोलून दाखवतं, आणि तो धडाडधूम आवाज वाजतो तो "आता वळून बघ" एवढं सांगायला. तुम्ही समोर सोफ्यावर बसून चार तास पाहिलंत. तसं पाहण्यासाठी ते केलेलंच नाही.

शेंगदाणा चिक्की

म्हणजे मी इतकी वर्षं उगीच टीव्हीकडे तोंड करून बसतोय.

निशिगंध पुणे

@कॉलटाइम, फार छान माहिती. पण मग दुसऱ्या भाषांतल्या मालिका का आणता? आई कुठे काय करते बंगाली श्रीमयीवरून, रंग माझा वेगळा मल्याळममधून, ठरलं तर मग तमिळ रोजावरून. मराठीत लेखक नाहीत का?

कॉलटाइम

लेखक आहेत. बाहेरून आणलेल्या मालिकेला एक आकडा चिकटून आलेला असतो. तिकडे चाललेली गोष्ट आहे म्हटलं की पैसे लावणाऱ्याला झोप लागते. आणि सरसकट वाईट म्हणू नका. आई कुठे काय करते २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा अरुंधतीच्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी इथल्याच होत्या. मूळ गोष्टीचा सांगाडा घेऊन आपलं मांस चढवता येतं. अडचण पुढे येते. सांगाडा संपतो, मालिका संपत नाही.

एडिसनची सून

आमच्याकडे न्यू जर्सीत सासूबाई सहा-सहा महिने येतात. त्यांच्या मालिका ॲपवर. त्यांनी स्वतःच पद्धत शोधलीय: आठवडाभर काही बघायचं नाही, रविवारी सकाळी चहा घेऊन बसायचं आणि दहा-दहा सेकंद पुढे ढकलत सहा भाग एका तासात उरकायचे. कुणी कुणाकडे रोखून बघायला लागलं की पुढे. वाजंत्री वाजली की पुढे. देवापुढे हात जोडले की मात्र थांबतात, त्याही जोडतात. मी एकदा म्हटलं, "आई, मग पाहताच कशाला?" तर म्हणाल्या, "अगं, ताईचा फोन येतो ना रविवारी. तिला काय सांगू मग?" सांगलीची ताई आणि एडिसनची आई, दोघी पंचेचाळीस मिनिटं त्या मेल्या सुनेला शिव्या देतात. स्वतःच्या सुनेला देत नाहीत तोवर माझी काही तक्रार नाही. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

कोरा चहा

सगळ्यांचं वाचलं. मला मूळ धाग्यातलं एक पटलं नाही, ते सांगते.

माझी मावशी ८१ वर्षांची, एकटी राहते, इचलकरंजीत. मुलगा परदेशात. तिची रक्तदाबाची गोळी साडेसातच्या मालिकेला, कुकर आठच्या, दाराची कडी दहाच्या. तिला त्यात काय चाललंय हे फारसं माहीतही नसतं. मी मागे विचारलं तर म्हणाली, "माणसं रोज येतात गं." तुम्ही म्हणता येता-जाता पाहणाऱ्याला त्या घरात जागा नाही. खरं आहे. पण तुम्ही पाहुणे. ती तिथे राहते. टिपरे आठवड्यातून एकदा यायचे, बाकीचे सहा दिवस ती काय करणार?

आणि त्यात काही घडत नाही ही तुमची तक्रार आहे, तिचा तोच आधार आहे. तिच्या वयात काही घडतं ते बहुतेक वाईटच असतं.

मधली आळी

कोरा चहा, ___/\___

अधूनमधून

उशीर झाला यायला. सगळ्यांचे आभार, विशेषतः कॉलटाइम यांचे. कानांसाठी लिहिलेली असते हे वाचल्यापासून मी आईच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकून बघितलं. खरंच सगळं कळतं! आणि गंमत म्हणजे नुसतं ऐकताना तेवढं बावळट वाटत नाही. बावळटपणा चेहऱ्यांच्या तिहेरी क्लोजअपमध्ये आहे.

कोरा चहा, तुमच्या पोस्टवर दोन दिवस विचार करत होतो. मावशींचं पूर्ण मान्य. पण माझ्या आईचं तसं नाही, हे मी शेजारी बसून पाहिलंय. तिला त्यात सोबत मिळत नव्हती, चिडचिड होत होती. साडेदहाला टीव्ही बंद करताना रोज म्हणायची, "उद्यापासून नाही बघायचं." ती अग्निहोत्र मालिकेच्या वेळी अशी नव्हती. २००८ ची गोष्ट. नाशिकचा वाडा, घराण्यातले गणपती शोधायचे, आणि ते हरवलेले नातेवाईक एकेक करून सापडायचे. तीही रोज लागायची. आई दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंशी वाड्यावरून वाद घालायची, की हा पंचवटीतला असणार की जुन्या नाशकातला. तेव्हा माणसं रोज यायची आणि येताना काहीतरी घेऊनही यायची. माझं म्हणणं एवढंच आहे, की मावशींच्या घरी जे रोज येतात त्यांनी निदान हात हलवत येऊ नये. साडेसातच्या गोळीला सोबत द्यायची तर त्या बाईला तेवढ्यात एक धड प्रसंग का देऊ नये? सुरुवात आणि शेवट असलेला, चार मिनिटांचा का होईना. पाकीट राहू द्या गादीखाली, घाई नाही. पण त्या दिवशी कुणीतरी मोदक करायला घ्यावेत, ते फुटावेत, कुणीतरी हसावं आणि सगळ्यांनी बसून ते खावेत. याला काय खर्च येतो?

कॉलटाइम

खर्च येत नाही. मागच्या वर्षी मी असा एक सीन लिहिला होता. दोन जावा लोणच्याच्या कैऱ्या फोडताहेत, अडकित्ता एकच, आणि माहेरच्या लोणच्यात मेथी असते की नाही यावर बोलणं. दिग्दर्शकाला आवडला, दोन्ही मुलींनी मन लावून केला. दोन मिनिटं दहा सेकंदांचा झाला. एडिटला भाग लांबला तेव्हा तोच गेला, कारण तो काढला तर कुणाला काही कळायचं राहत नव्हतं.

वरणफळं

मेथी असते. आमच्याकडे तरी.

पन्हाळ्याचा पाऊस

नसती. मोहरीची डाळ आणि हिंग, बास.

आजोबा ५१

सौ. विचारते आहे की तो कापलेला सीन कुठे बघायला मिळेल.

अधूनमधून

@आजोबा, माझ्या आईनेही तेच विचारलं. आता ती काठीशिवाय चालते. काल फोनवर म्हणाली, पाकीट चोरीला गेलं.